आकड्यांचा माल, मालाचे आकडे
पुरवठा साखळीतील डेटा-विश्लेषणाचा आढावा

म्हैसूरहून नंजनगूडकडे निघाले की वाटेत कडकोळ लागते. जुन्या ओळखीने सांगायचे तर चामराजनगरच्या रेल्वेमार्गावरचे हे एक छोटे स्थानक. आजची त्याची ओळख मालाची आहे. टीव्हीएस मोटरच्या ब्यातहळ्ळीच्या दुचाकी कारखान्याचा टपालाचा पत्ता कडकोळचा. कंटेनर कॉर्पोरेशनचे मालवाहतूक केंद्रही कडकोळलाच उभे राहिले आहे. थोडे पुढे गेले की इम्मावूला एशियन पेंट्सचा प्रचंड कारखाना आणि नंजनगूडला नेस्लेचा इन्स्टंट कॉफीचा. एका छोट्या पट्ट्यात दुचाकी, रंग आणि कॉफी.

या तिन्हींचे ग्राहक वेगळे, हंगाम वेगळे, कच्चा माल वेगळा. तिघांपुढचा रोजचा प्रश्न मात्र एकच असतो: उद्या कुठे, काय आणि किती लागेल? कमी पाठवले तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते, जास्त पाठवले तर पैसा गोदामात अडकून पडतो. या प्रश्नाचे उत्तर आकडेवारीच्या विश्लेषणातून मिळते, असे गेली काही दशके सांगितले जात आहे. ते कितपत मिळते, कुणाला मिळते आणि कुठे मिळत नाही, यावरच्या चर्चेचा हा आढावा.

आसुडाचे टोक

साठा किती ठेवावा याचे गणित संगणकाहून जुने आहे. वेस्टिंगहाउस कंपनीतील अभियंता फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये एकावेळी किती माल मागवणे किफायतशीर याचे सूत्र मांडले. ते आजही व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षात शिकवले जाते. त्यात एक अडचण होती. मागणी स्थिर आणि आधीच ठाऊक आहे, हे त्यात गृहीत धरलेले होते.

मागणी स्थिर असली तरी साखळी तिला अस्थिर करते, हे दाखवले एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी, आधी १९५८ च्या लेखात आणि मग १९६१ च्या पुस्तकात. दुकानदाराची विक्री थोडी वाढते. तो खबरदारी म्हणून थोडे जास्त मागवतो. ते पाहून वितरक आणखी जास्त मागवतो आणि कारखान्यापर्यंत पोचताना त्या थोड्याची लाट झालेली असते. प्रॉक्टर अँड गॅम्बलला हाच अनुभव लहान मुलांच्या डायपरबाबत आला. बाळांचा वापर जवळपास तेवढाच, पण वितरकांच्या मागणीत प्रचंड चढउतार. मनगट जरासे हलते आणि आसुडाचे टोक सपकन फिरते, म्हणून या प्रकाराला इंग्रजीत आसुडावरूनच नाव पडले. १९९७ मध्ये हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कारणे नीट मांडली. त्यांचा सल्ला साधा होता: शेवटच्या दुकानात प्रत्यक्ष काय विकले गेले, ते साखळीतल्या सगळ्यांना दिसू द्या.

आजच्या डेटा-विश्लेषणाचे मूळ या सल्ल्यात आहे. वॉलमार्टने १९८७ मध्ये आपली दुकाने उपग्रहाने जोडली आणि पुढे विक्रीचे आकडे पुरवठादारांना खुले केले. टोयोटाने दुसरा मार्ग धरला. भाकीत कमी करायचे आणि पुढच्या टप्प्याने मागितले तेवढेच मागच्याने बनवायचे. भाकीत सुधारावे की भाकिताची गरजच कमी करावी, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

गिरगावचे गॅरेज आणि इम्मावूचा कारखाना

भारतात या विषयावर बोलताना एशियन पेंट्सचे उदाहरण हमखास येते आणि त्याचा धागा गिरगावातून निघतो. १९४२ मध्ये गायवाडीतल्या एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी ही कंपनी सुरू केली. तिच्या डब्यांवरचा खट्याळ ‘गट्टू’ १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी रेखाटला. लक्ष्मण जन्माने म्हैसूरचे आणि त्यांची कारकीर्द घडली मुंबईत. त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळाने, २०१८ मध्ये, हीच कंपनी त्यांच्या जन्मगावाशेजारी वर्षाला ३ लाख किलोलिटर क्षमतेचा कारखाना घेऊन आली. ती क्षमता ६ लाखांपर्यंत वाढवता येईल अशी रचना आहे.

रंगाचा धंदा भाकितासाठी अवघड आहे. शेकडो छटा, प्रत्येक छटा वेगवेगळ्या मापांच्या डब्यांत, शिवाय दिवाळीआधी उसळणारी आणि पावसाळ्यात बसणारी मागणी. १९७० च्या सुमारास, म्हणजे देशात संगणक ही नवलाईची वस्तू असताना, कंपनीने स्वतःसाठी मोठा संगणक घेतला आणि दुकानांच्या मागणीच्या नोंदी त्यावर ठेवायला सुरुवात केली. त्या यंत्राभोवती आता दंतकथा गोळा झाल्या आहेत. कंपनीचे सगळे यश त्या एका खरेदीच्या खात्यावर मांडणारे लेख बरेच दिसतात. हे मांडणे अपुरे आहे.

त्या यंत्राला खुराक कुठून मिळाला, हे आधी पाहिले पाहिजे. कंपनीने ठोक व्यापाऱ्यांची मधली फळी टाळून थेट लहान गावांतल्या दुकानदारांना माल द्यायचे धोरण आधीच धरले होते. त्यामुळे कोणत्या दुकानात काय खपते, याची नोंद मधे कुणाच्या वहीत अडकली नाही. दुकानदाराला थोडा थोडा माल वारंवार मिळू लागला, तेव्हा त्याला घाबरून जादा मागवण्याची गरज उरली नाही. म्हणजे संगणकाच्या आधीच आसुडाची मूठ हातात आली होती.

दुसरी गोष्ट रंग मिसळण्याच्या यंत्राची. पूर्वी प्रत्येक छटेचा तयार डबा कारखान्यातून यायचा. आता दुकानात पांढरे बेस ठेवतात आणि गिऱ्हाइकाने निवडलेली छटा यंत्र डोळ्यांसमोर तयार करून देते. चामराजनगरच्या दुकानात पुढच्या महिन्यात कोणत्या निळ्याला मागणी येईल, हे भाकीत करण्याची गरजच संपली. बेस किती लागेल एवढे कळले की पुरे, आणि तो अंदाज बांधणे कितीतरी सोपे. या क्षेत्रातला हा सर्वांत शिकण्यासारखा धडा म्हणावा लागेल. चांगल्या आकडेवारीने कंपनीला भाकीत कुठे करू नये, हेही दाखवले.

त्या पद्धतीची नवी परीक्षाही याच रस्त्यावर चालू आहे. आदित्य बिर्ला समूहाने २०२४ मध्ये ‘बिर्ला ओपस’ नावाने रंगांच्या बाजारात उडी घेतली. त्यांच्या सहा कारखान्यांपैकी एक चामराजनगरला, एक आपल्या महाडला. पन्नास वर्षांच्या विक्रीच्या नोंदींत जो स्पर्धक नव्हताच, त्याचा परिणाम त्या नोंदी कशा सांगणार? जुन्या आकड्यांवर चालणाऱ्या प्रत्येक पद्धतीपुढचा हा मूळ प्रश्न आहे.

समर्थकांची बाजू

समर्थकांचा पहिला मुद्दा असा की भारतात आता कच्चा माल, म्हणजे नोंदी, मुबलक आहेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे कर-तपासणी नाके उठले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला ई-वे बिल लागू लागले. पन्नास हजारांवरचा माल आता डिजिटल खूण ठेवून प्रवास करतो. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. जेएनपीटीत जुलै २०१६ पासून कंटेनरना आरएफआयडी पट्ट्या लागू लागल्या आणि कंटेनर कुठे अडला आहे हे मालकाला पडद्यावर दिसू लागले. सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणासोबत निरनिराळ्या खात्यांच्या या नोंदी एकमेकींशी जोडणारे ‘युलिप’ हे व्यासपीठ आले.

दुसरा मुद्दा परिणामांचा. लसीकरणाच्या शीतसाखळीत २०१५ पासून ‘ई-विन’ ही प्रणाली आली. शीतपेटीचे तापमान आणि लसींचा शिल्लक साठा मोबाइलवर नोंदला जाऊ लागला. एका आरोग्य केंद्रात लस संपलेली आणि शेजारच्या केंद्रात पडून, हा जुना अनुभव त्यातून कमी करता आला. रेशनच्या धान्याबाबत डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘अन्नचक्र’ हे साधन आणले. जागतिक अन्न कार्यक्रम आणि आयआयटी दिल्ली यांच्या मदतीने बनलेले हे साधन कोणत्या गोदामातून कोणत्या दुकानाला धान्य न्यावे याचे जवळचे मार्ग शोधते. अंतर १५ ते ५० टक्क्यांनी घटेल आणि वर्षाला सुमारे २५० कोटी रुपये वाचतील, असा सरकारचा अंदाज आहे.

ही उदाहरणे लक्षपूर्वक पाहिली तर एक गोष्ट दिसते. इथे भविष्य सांगण्याचा प्रश्न फारसा नाही. माल आत्ता कुठे आहे आणि कोणत्या वाटेने न्यावा, एवढेच विचारलेले आहे. अशा प्रश्नांवर आकडेवारीचा लाभ जवळपास सर्वमान्य आहे. टीकाकारही तो नाकारत नाहीत. मतभेद सुरू होतात ते उद्याविषयी.

साशंकांची बाजू

भाकिताच्या पद्धतींची जाहीर स्पर्धा घेण्याची कल्पना ग्रीक संशोधक स्पायरोस माक्रिदाकिस यांची. गेली चार दशके त्या स्पर्धा होत आहेत. सुरुवातीच्या स्पर्धांनी पंडितांना खिन्न केले, कारण गुंतागुंतीच्या पद्धती साध्या पद्धतींना हरवू शकत नव्हत्या. २०२० च्या पाचव्या स्पर्धेत वॉलमार्टच्या विक्रीच्या ४२,८४० मालिका दिल्या गेल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास चमू उतरले. विजेते यंत्रशिक्षण वापरणारे होते, म्हणजे तंत्र पुढे गेले हे खरे. पण तुलनेसाठी ठेवलेली सर्वांत चांगली जुनी पद्धत, म्हणजे ताज्या आकड्याला जास्त वजन देऊन सरासरी काढण्याची रीत, दहापैकी एका चमूलाही मागे टाकता आली नाही. दोन्ही बाजू या एकाच निकालाचा आधार घेतात, आणि दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे.

साशंकांकडे अपयशांची यादीही आहे. नवी नियोजन-प्रणाली बसवताना चुकीच्या बुटांचे उत्पादन झाले आणि नाइकेला २००१ मध्ये सुमारे १० कोटी डॉलरच्या विक्रीला मुकावे लागले. त्याच वर्षी सिस्कोने सव्वादोन अब्ज डॉलरचा साठा बुडीत काढला. प्रत्यक्ष वेळेतली माहिती वापरणारी आदर्श कंपनी म्हणून तोवर तिचे कौतुक होत होते. टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीची कॅनडातली १३३ दुकाने दोन वर्षांत बंद करायची वेळ आली. त्याची कारणे अनेक होती. त्यांपैकी एक म्हणजे वस्तूंची लांबी-रुंदी प्रणालीत चुकीची भरलेली होती, कुठे सेंटिमीटरच्या जागी इंच. वस्तू कपाटात मावेनात, गोदामे तुंबली आणि दुकाने रिकामी. तिथे भाकिताचे गणित चालायचा प्रश्नच नव्हता, कारण नोंदवहीच खोटी होती.

मग २०२० चे टाळेबंदीचे वर्ष आले, मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे पडले आणि त्याच वर्षी चिपच्या टंचाईने जगभरचे वाहन कारखाने अडले. चाकणपासून होसूरपर्यंत त्याची झळ पोचली. साठा शून्याकडे नेण्याच्या शिकवणीवर तेव्हा जोरदार फेरविचार झाला. त्या शिकवणीचे माहेर असलेल्या टोयोटाने मात्र २०११ च्या भूकंपानंतरच पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला सांगितले होते आणि सुरुवातीचे महिने ती इतरांहून बरी तरली. काटकसर आणि तग धरणे यांचा तोल कुठे साधायचा, याचे सर्वमान्य सूत्र अद्याप नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण या चर्चेत वारंवार येते. १८९० पासून चाललेली ही व्यवस्था डब्याच्या झाकणावरच्या खुणांवर, लोकलच्या वेळांवर आणि माणसांच्या ओळखीवर चालते. ‘संगणकावाचून अडत नाही’ याचा पुरावा म्हणून ते दिले जाते. उदाहरण मोलाचे आहे, पण निष्कर्ष ताणलेला. डबेवाल्याला उद्या कुणाला डबा लागेल याचा अंदाज बांधावा लागत नाही. घर ठरलेले, कचेरी ठरलेली. त्यांच्याकडून शिकायचे ते नोंदीचे शहाणपण. खूण अशी असावी की ती वाचणाऱ्याला गर्दीत, घाईत, एका नजरेत कळावी.

नाशिकचे दोन अनुभव

तिसरी बाजू वेगळेच विचारते. अंदाज बरोबर आला तरी फायदा कुणाचा? या प्रश्नासाठी कारखान्यांकडून नाशिककडे वळावे लागते, कारण तिथे एकाच जिल्ह्यात दोन पिकांनी दोन उत्तरे दिली आहेत.

द्राक्षाच्या निर्यातीसाठी अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ सुरू केले. बागेची नोंदणी, फवारणी, प्रयोगशाळेतला उर्वरित अंशाचा अहवाल, पॅकहाउस, कंटेनर, सगळे एका धाग्यात. युरोपातल्या पेटीवरून मागे येत दिंडोरीची बाग सापडू शकते. २०१० मध्ये या व्यवस्थेला मोठा धक्का बसला. क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या बोलीतले लिहोसिन, याचे अंश युरोपात सापडले आणि माल अडकला. तपासायच्या यादीत ते रसायन तोवर नव्हते. जे विचारलेच नाही त्याचे उत्तर आकडे देत नाहीत, हे शेकडो बागायतदारांना पदरमोड करून कळले. पुढे यादी सुधारली, नोंदी अधिक काटेकोर झाल्या आणि निर्यात सावरली. त्याच सुमारास मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांची कंपनी बागेपासून परदेशी ग्राहकापर्यंतची साखळी सभासदांच्या मालकीची ठेवते. इथे नोंद ठेवण्याचा त्रास बागायतदार सोसतो, कारण त्या नोंदीचा भाव त्याला मिळतो.

कांद्याचे तसे नाही. लासलगावच्या लिलावाचे भाव आणि आवक रोज संगणकावर चढते, देशभर दिसते. उत्पादनाचा मोठा हिस्सा, साधारण दोन-तृतीयांशाहून अधिक, रब्बीचा. तो उन्हाळ कांदा चाळीत भरून दिवाळीपर्यंत पुरवायचा आणि त्यात घट, सड आणि मोड यांत बराच माल जातो. कुणाच्या चाळीत किती शिल्लक आहे, ही माहिती या साखळीत सोन्यासारखी. ती मिळाली तर भावाची उसळी आणि कोसळणे दोन्ही सौम्य करता येईल, असे अर्थतज्ज्ञ सांगतात.

शेतकरी ती द्यायला का बिचकतो, हे गेल्या काही वर्षांच्या तारखा सांगतात. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबरात निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिले, ते पुरते गेले १ एप्रिल २०२५ ला. ग्राहकाला भाव परवडावा ही सरकारची जबाबदारी खरीच, आणि ती बाजू मांडणाऱ्यांकडे शहरातल्या महागाईचे आकडे आहेत. पण साठ्याची माहिती दिली की ती आपलाच भाव पाडायला वापरली जाईल, ही शेतकऱ्याची शंका अनुभवातून आलेली आहे. तंत्रज्ञानाने ती फिटणार नाही.

हीच शंका साखळीच्या इतर कोपऱ्यांतही भेटते. किराणा दुकानदार थेट कंपनीच्या अॅपवर मागणी नोंदवू लागले, तेव्हा वितरकांना आपले स्थान डळमळताना दिसले. २०२२ च्या सुरुवातीला ऑनलाइन ठोक कंपन्यांना मिळणाऱ्या स्वस्त दरांविरुद्ध महाराष्ट्रातल्या वितरकांनी काही मालाचा पुरवठाही रोखला. ट्रकचालकाची जीपीएसवरची हालचाल मालक क्षणाक्षणाला पाहतो, पण गोदामाच्या दारात त्याला ताटकळावे लागले तर ते तास त्याच्या हिशेबात कसे धरायचे, हे ठरलेले नसते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या माहितीपुरता आहे. दुकानाच्या विक्रीची, चाळीतल्या साठ्याची, पुरवठादाराच्या क्षमतेची माहिती कुणाच्या मालकीची, हे करारातल्या ताकदीवर ठरते.

मोजमापच अनिश्चित

सुधारणा झाली की नाही हे सांगायला आधीची पातळी ठाऊक हवी. भारताचा लॉजिस्टिक्स खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३-१४ टक्के आहे, हा आकडा कित्येक वर्षे भाषणांत आणि अहवालांत फिरत राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेने पद्धतशीर अंदाज काढला, तेव्हा २०२१-२२ साठी तो ७.८ ते ८.९ टक्के निघाला. २०२३-२४ साठीचा पुढचा अंदाज सुमारे ८ टक्के आहे. म्हणजे धोरणांच्या मुळाशी असलेला आकडा बराच फुगलेला असण्याची शक्यता. देशाचीच ही स्थिती, तर एखाद्या कंपनीने ‘विश्लेषणामुळे साठा इतक्या टक्क्यांनी घटला’ असे सांगितल्यास तो घटला कशाने, जीएसटीने, नव्या रस्त्याने, मंदीने की विश्लेषणाने, हे वेगळे काढणे किती कठीण असेल! असे बहुतेक दावे प्रणाली विकणाऱ्यांकडून किंवा ती विकत घेतल्याचे समर्थन करणाऱ्यांकडून येतात. तटस्थ तपासणी फार थोडी झाली आहे.

लहान कारखानदाराचा प्रश्न तर चर्चेत जवळजवळ नाहीच. कडकोळ-तांडवपुरा पट्ट्यात काय किंवा चाकण-भोसरीत काय, मोठ्या कारखान्याला सुटे भाग देणाऱ्या लघुउद्योजकाकडे विश्लेषक नेमायला पैसा नसतो. मोठ्या कंपनीचे नियोजन बदलले की त्याला मिळते ती सुधारित मागणी, बरेचदा ऐनवेळी. मोठ्याचा साठा कमी झाला तो नाहीसा झाला, की लहानाच्या शेडमध्ये सरकला, हे तपासल्याशिवाय साखळी सुधारली असे म्हणता येणार नाही.

आजवरच्या पुराव्यावरून निकाल द्यायचाच तर तो असा. माल कुठे आहे आणि कोणत्या वाटेने न्यावा यासाठी आकडेवारी निःसंशय उपयोगी ठरली आहे. उद्याची मागणी सांगण्यात तिची प्रगती खरी, पण मर्यादित आहे. आणि जिथे नोंद देणाऱ्याला तिचा मोबदला मिळाला, गिरगावच्या कंपनीच्या दुकानदाराला वेळेवर मालाच्या रूपात, द्राक्ष बागायतदाराला भावाच्या रूपात, तिथेच नोंदी खऱ्या राहिल्या.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून, बांधावर उभा राहून आपले पीक नोंदवतो. कांद्याच्या लागवडीचा गावागावातून जमा होणारा हा आकडा धोरण आखणाऱ्यांच्या टेबलावर पोचतो. तोच आकडा तालुकानिहाय, मराठीत, रोपे शेतात लावण्याआधी नोंदवणाऱ्याच्या त्याच मोबाइलवर परत यावा, एवढी मागणी कृषी खात्याकडे करायला हवी.